फ्रिजसमोरची चप्पल

आमच्या घरात फ्रिज उघडायचा एक रिवाज होता. फ्रिजसमोर निळ्या पट्ट्यांची एक रबरी चप्पल कायम ठेवलेली असायची. आधी तिच्यात पाय सरकवायचे, मगच दाराला हात लावायचा. ती चप्पल घालून कुणी अंगणात जायचं नाही, न्हाणीघरात तर मुळीच नाही, कारण तिचा तळ कोरडा राहायला हवा. पाहुणे आले की चहाच्या आधी ही सूचना व्हायची. "पाणी हवंय? घ्या ना फ्रिजमधून. फक्त तेवढी चप्पल घाला." कुणी का म्हणून विचारलंच, तर मी सांगायचे, "येतं थोडं."

सांडोरात, म्हणजे आमच्या गावात, कुणालाही ह्यापुढे काही समजावून सांगावं लागत नसे, कारण त्यांच्याकडेही कुठे ना कुठे थोडं येतच असायचं. कुणाच्या वॉशिंग मशीनला यायचं, कुणाच्या गीझरच्या नळाला. आमच्या आळीतल्या एक बाई मशीनमधले ओले कपडे लाकडी काठीने उचलून बाहेर काढायच्या आणि त्यात आपण काही वेगळं करतोय असं त्यांच्या गावीही नव्हतं. घरोघरी माणसं वाती लावतात, दारं पुसतात, तसंच हेही एक घरातलं वळण.

आणि सांगायला लाज वाटते, पण मी शाळेत विज्ञान शिकवत होते. पाचवी ते सातवी. दर वर्षी फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढायचे, लाल तार, काळी तार, हिरवी तार, तीन रंगांच्या खडूंनी. "हिरवी तार कशासाठी?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "चोरटी वीज जमिनीत जाण्यासाठी, बाई!" मी शाबासकी द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन चप्पल घालून फ्रिज उघडायचे. ह्या दोन गोष्टींची गाठ मी इतकी वर्षं कधी घातली नाही. आज नवल वाटतं ते ह्याचंच.

आमचे हे मुंबईला एका कचेरीत कारकून होते, पण त्यांचा जीव सगळा पेचकस आणि पकडीत. आमच्या घरातला मोठा बोर्ड ह्यांनी स्वतःच्या हाताने बनवला होता. जुन्या कपाटाच्या फळीची पेटी, तिला खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग, वर पाच सॉकेटं, तीन बटणं आणि उगाचच एक लाल दिवा. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, फ्रिज, मोबाइल, सगळं त्याच्यावर. ज्या वायरीला प्लग नसेल तिची टोकं तशीच भोकात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, की वायर हलायची नाही. आमच्या भागातली बरीच माणसं आखातात आणि बोटीवर नोकरीला. ती येताना चौकोनी पिनांच्या इस्त्र्या आणायची, चपट्या पिनांचे रेडिओ आणायची, आणि इथे आल्यावर ते कुठल्याच सॉकेटात बसायचे नाहीत. मग सगळी वरात आमच्याकडे. ह्यांनी तापलेल्या खिळ्याने सॉकेटाची भोकं अशी काही रुंद केली होती की त्यात काहीही जायचं. "जगातल्या कुठल्याही देशाची पिन आण, माझा बोर्ड नाही म्हणणार नाही," हे छाती पुढे काढून सांगायचे. आणखी एक अभिमान होता. शेजारीपाजारी फ्यूज उडायचे, आमच्याकडे कधीच उडायचा नाही. का उडत नाही, हे मीही कधी विचारलं नाही. उलट लोकांना कौतुकाने सांगायचे.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मी आयर्लंडला गेले. लेक आणि जावई दोघं तिकडे नोकरी करतात. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, ताक घुसळायचं माझं विजेचं रवीयंत्र, आणि ह्यांनी आठवणीने दिलेला टेस्टर. टेस्टर म्हणजे तो मुठीत दिवा असलेला बारका पेचकस. आमच्याकडे तो फ्रिजवर ठेवलेला असतो, आणि वीज आहे की गेली हे त्याला विचारल्याशिवाय आम्ही पुढचं पाऊल टाकत नाही.

तिकडे गेल्यावर लेक बाळंत होईपर्यंत मला काही काम नव्हतं. मग मी भिंती बघत हिंडले. न्हाणीघरात एकही बटण नाही. दिव्याला छतातून एक दोरी लोंबत होती. पहिल्यांदा मी ती देवळातल्या घंटेसारखी ओढली, जावई धावत आले. सॉकेटाची भोकं बघावीत तर आतून बंद, डोळे मिटल्यासारखी. मी वाकून, चष्मा वर-खाली करून पाहिलं तेव्हा कळलं की वरची पिन जरा लांब असते. ती आत गेली की खालच्या दोन भोकांवरची झडप सरकते. वरची पिन म्हणजे आपली हिरव्या तारेची, जमिनीत जाणारी. म्हणजे जमिनीची वाट आधी मोकळी, मगच वीज. मी त्या शोधाने इतकी खूश झाले की जावयांना समजावून सांगितलं, आणि त्यांनीही बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. प्रत्येक प्लगच्या पोटात एक छोटासा फ्यूजही असतो. इस्त्रीचा निराळा, दिव्याचा निराळा. आमच्या अख्ख्या घराला मिळून दोन फ्यूज.

हे सगळं समजून घेऊन मी काय केलं? तिसऱ्या दिवशी ताक करायचं होतं. माझ्या रवीच्या प्लगला पिना दोनच. मग मी टेस्टर घेतला, वरच्या भोकात खुपसला, झडप सरकली, आणि दोन पिना खाली दाबून बसवल्या. रवी सुरू झाली, ताकही छान झालं. मागे वळून पाहते तर लेक पोटावर हात ठेवून दारात उभी. 

"आई, ते कुलूप कशासाठी आहे, हे तूच काल सांगत होतीस ना?"

"अगं, वरच्या भोकात वीज नसते. मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून उघडायचं?"

मी म्हटलं, ताक पी. पण मनाला टोचलं. दुसऱ्या दिवशी जावयांनी न बोलता आपल्या पिना तिकडच्या सॉकेटात बसवायची एक जोडणी आणून ओट्यावर ठेवली. मला राग आला तो त्यांच्या न बोलण्याचाच.

तिकडची आणखी एक गोष्ट नोंदून ठेवते. लेकीच्या फ्रिजसमोर कापडी सपाता होत्या, करड्या रंगाच्या, आणि ती त्यांत पाय सरकवूनच दार उघडायची. मला वाटलं, थंडी.

नात झाली, चार महिन्यांची झाली, मी परतले. ती पुढे पालथी पडली, बसली, रांगू लागली, हे सगळं आम्ही मोबाइलवर बघितलं. दहा महिन्यांची झाल्यावर लेक तिला घेऊन महिनाभर येणार असं ठरलं. मी घर आवरायला घेतलं. पाळणा उतरवला, गोधड्या उन्हात टाकल्या. एका संध्याकाळी व्हिडिओवर मी तिला खोली दाखवत होते. "इथे गादी घालू, इथे ती खेळेल, आणि इथून तिला वाडी दिसेल." मोबाइल फिरवताना मागे ह्यांचा हिरवा बोर्ड आला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काड्या खोचलेला.

लेकीची नजर त्यावर गेली. मग म्हणाली, "आई, आम्ही विरारला राहू."

विरारला तिच्या सासरच्यांचा नव्या इमारतीत फ्लॅट आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे राहायला तिकडे. तुमच्याकडे दिवसा येऊ. मांडीवर घेऊन बसेन तिला. खाली नाही सोडणार."

"तू ह्याच घरात रांगलीस!"

"हो, पण तिला चप्पल कोण घालणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि मागच्या दाराशी जाऊन बसले. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिकडची पाच-सहा वर्षं काय झाली, बापाचा हात वाईट झाला, आईचं घर वाईट झालं, असं काय काय मनात येत होतं. नातीला पहिल्यांदा माझ्या घरात आणायची आणि मांडीवरून खाली ठेवायची नाही, हे मला सहन होईना. पण पाचव्या दिवशी भांडी घासताना ओल्या हाताने मी टेस्टर घेतला आणि फ्रिजच्या दाराला लावला. दिवा लागला. मंद, पण लागला. मी बाहेरून बघितलं, आतून बघितलं, खालच्या पत्र्याला लावला. तो खालचा पत्रा रांगणाऱ्या पोराच्या बरोबर डोक्याशी येतो. नातीच्या तोंडात सतत बोटं असतात, ती ओली बोटं ती तिथेच लावणार होती. 

आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. लेक सातवीत होती. नुकतीच न्हाऊन आली होती, केस ओले, पाय ओले, घाईघाईने दूध काढायला गेली आणि किंचाळली. पातेलं पडलं, दूध सांडलं. ती कोपर धरून रडत होती आणि मी काय म्हणाले, तर "चप्पल घालायला काय होतं तुला? शंभर वेळा सांगितलंय!" ती सॉरी म्हणाली होती. करंट तिलाच लागला होता आणि सॉरीही तीच म्हणाली.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता, ती सांगते. आमच्याकडे अर्थिंग नव्हतं असं नाही. होतं, आणि गावात कुणाकडे नसेल असं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीत केळी होत्या, आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी पाणी उपसायच्या पंपाचं मोटारघर होतं. एका ओल्या सकाळी आमची म्हैस त्या मोटारघराच्या लोखंडी दाराला अंग घासायला गेली आणि उभ्याची आडवी झाली. सासरे दिवसभर तिच्याजवळ बसून होते. जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी घर आणि मोटारघर ह्यांच्या मध्ये, आमच्या मागच्या दाराशी, पुरुषभर खोल खड्डा खणला. तळाशी तांब्याचा पत्रा, वर मिठागरातून आणलेलं मीठ, वर कोळसा, परत मीठ, परत कोळसा, आणि मधून वर आलेला एक पाइप. पाइपापासून तांब्याची जाड तार मोटारघरात, आणि तिथून पुढे आमच्या घरात. त्या वेळी वीजच मोटारघरातून घरात यायची.

माती सुकली तर अर्थिंग मरतं, असं सासरे म्हणायचे. म्हणून रोज सकाळी ते पाइपात एक कळशी ओतायचे. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलाला सांभाळ वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "तुळशीला एक दिस चुकलं तरी चालंल, खड्ड्याला पानी इसरू नको."

मी विसरले नाही. तापात उठून घातलं आहे. गावाला गेले तर शेजारणीला सांगून गेले आहे. आधी तुळस, मग खड्डा. खड्ड्याशेजारी एक माड आहे. मिठामुळे म्हणा, पाण्यामुळे म्हणा, वाडीतला सगळ्यात जास्त नारळ देणारा तोच. तेव्हा फ्रिजला येतं थोडं, पण ते फ्रिजमुळे, असं मी धरून चालले होते. दोन फ्रिज बदलले. दोन्हींना आलं. कंपन्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, असा मी निकाल देऊन टाकला होता.

मी अर्नाळ्याच्या एका म्हाताऱ्या वायरमनना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यातल्या आणि वाड्यांतल्या मोटारी सांभाळल्या. हे म्हणाले, "मी असताना बाहेरचा माणूस कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही बसा." हे खुर्ची घेऊन बोर्डाच्या बाजूलाच बसले, पहाऱ्याला.

वायरमन आधी खड्ड्यापाशी गेले. वाकून मातीला हात लावला.

"बाई, हिथं पानी कोन घालतं?"

"मीच. रोज."

"किती वर्सं?"

मी सासऱ्यांपासूनचं सगळं सांगितलं, म्हशीसकट. त्यांनी मान डोलावली. मग एका होल्डरमध्ये शंभराचा बल्ब लावला, त्याची एक वायर घराच्या लाइनीतून घेतली आणि मला दूर उभं राहायला सांगून दुसरी वायर पाइपाला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. भर सकाळच्या उन्हातसुद्धा डोळ्यात भरेल असा. त्या बल्बची दुसरी तार कुठल्या खांबाला जात नव्हती, ती सरळ मातीत जात होती, सासऱ्यांच्या मिठात आणि माझ्या पाण्यात.

"येवढं चांगलं अर्थिंग मी सरकारी सबस्टेशनातबी बघितलं नाय," वायरमन म्हणाले. माझा ऊर भरून आला. मी ह्यांना हाक मारली, "अहो, बघा तरी!" हे आले नाहीत. खुर्चीतूनच म्हणाले, "दिसलं, दिसलं."

मग वायरमन घरात आले आणि तोच बल्ब फ्रिजच्या सॉकेटातल्या हिरव्या तारेच्या भोकात लावला. बल्ब लागला नाही. नुसता लालही झाला नाही.

"खड्ड्यातून घरात तार कुठून येती?"

"मोटारघरातून."

"मोटारघर कुठाय?"

मी बोट दाखवलं आणि हात तसाच राहिला. मोटारघर नव्हतं. बावखल बुजलं, बोअरिंग आलं, वीज रस्त्याच्या खांबावरून थेट घरात आली, आणि लेक सातवीत असताना ह्यांनी मोटारघर पाडलं. मी ते पडताना बघितलं होतं. त्या विटांनी आम्ही न्हाणीघराचा ओटा बांधला.

वायरमन परत खड्ड्यापाशी गेले आणि पाइपाच्या मुळाशी माती खरवडली. एक बोल्ट निघाला, आणि त्याला बोटभर तार. पुढे काही नाही. पकडीने तोडलेली, साफ. त्यांनी टोक नखाने खरवडलं तर आत लालसर तांबं चमकलं.

"कुनी कापली ही?"

ह्यांनी घसा खाकरला. बराच वेळ खाकरला. मग म्हणाले, "मोटार गेली, तेव्हा मी... अर्थिंग मोटारीचं होतं ना ते."

"आणि तार?" मी विचारलं.

हे बोर्डाकडे बघत होते.

वायरमननी मेन बंद केला आणि हिरव्या बोर्डाचे चार स्क्रू काढले. आत, एका सॉकेटापासून दुसऱ्या सॉकेटापर्यंत, बटणापासून बटणापर्यंत, तीच तांब्याची जाड तार, हातोडीने ठोकून सरळ केलेली, सुबक वळवलेली. सासऱ्यांनी वीज जमिनीत जावी म्हणून आणलेली तार माझ्या नवऱ्याने वीज घरभर खेळवायला वापरली होती. वायरमननी चिनीमातीचा फ्यूज उपसून काढला. त्यात फ्यूजची बारीक तार नव्हतीच, तिच्या जागी ह्याच तारेचा तुकडा. आमचा फ्यूज का उडत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. घर पेटलं असतं तरी उडाला नसता.

"शुद्ध तांबं होतं," हे हळूच म्हणाले. "भंगारात द्यायचं जीवावर आलं. बाबांची आठवण म्हणून ठेवली."

मी हसावं की रडावं मला कळेना. वायरमननी उगाचच पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. मी ह्यांना विचारलं, "अठरा वर्षं मी रोज कळशी घेऊन जाते. तुमच्या डोळ्यांसमोरून जाते. एकदा सांगावंसं नाही वाटलं, की तार कापलीय?"

"मला वाटलं," हे म्हणाले, "तू माडाला घालतेस."

मी तिथून उठले. दुपारचं जेवण वाढलं, पण बोलले नाही. राग तर आलाच होता, पण तो ह्यांच्यावर किती आणि स्वतःवर किती, ह्याचा हिशोब लागत नव्हता. हिरवी तार जमिनीत जाते हे सगळ्या गावाच्या पोरांकडून घोकून घेणारी मी. घरातली हिरवी तार कुठे जाते हे एकदा तिच्यामागोमाग चालत जाऊन बघायला मला अठरा वर्षं जमलं नाही. परदेशातल्या सॉकेटात मात्र वाकवाकून डोकावले. आणि ह्या दोन गोष्टी, फ्रिजला यायला लागणं आणि मोटारघर पडणं, एकाच वर्षातल्या होत्या. मी फक्त पोरीला ओरडले.

संध्याकाळी बघते तर हे मागच्या दारी बनियनवर उभे राहून कुदळ मारत होते. खड्ड्यापासून घरापर्यंत चर खणायला घेतला होता. ह्या वयात, आणि पाठ दुखते असं रोज सांगणारा माणूस. वायरमन म्हणाले होते की चर खणायला ते माणूस आणतील, पण ह्यांनी ऐकलं नाही. मी चहा नेऊन दिला. "साखर?" ह्यांनी विचारलं. म्हटलं, "घातलीय."

नवी तार आली, ती पाइपापासून घरात गेली, आणि घरातल्या एकेका सॉकेटापर्यंत. फ्रिजच्या पाठीमागे उंदराने कुरतडलेली वायर सापडली, ती बदलली. फ्यूजच्या जागी नवी पेटी बसली. तिच्यात एक बटण आहे, वीज नको तिथे झिरपू लागली की ते आपोआप पडतं. पहिले दोन दिवस ते उठता बसता पडायचं आणि हे म्हणायचे, "बघ, हे तुझं सुधारलेलं!" मग वीज झिरपणारा गीझर सापडला, इस्त्री सापडली, आणि पडायचं थांबलं. काड्या गेल्या. हिरवा बोर्ड मी ठेवू देईन असं ह्यांना वाटलं नव्हतं, पण मी तो टाकू दिला नाही. तो आतून रिकामा करून माळ्यावर ठेवला. सुबक होता हो, ते कबूल करायला हवं.

लेकीला मी फोनवर एवढंच म्हटलं, "काम करून घेतलंय. येऊन बघ. नाही पटलं तर जा विरारला." ती बरं म्हणाली. बॅगा विरारलाच उतरवल्या आणि दुपारी नातीला घेऊन आमच्याकडे आली. संध्याकाळी सातला परतायची गाडी सांगून ठेवली होती, हेही तिने आल्या आल्या सांगितलं. मी म्हटलं, बरं.

नात मांडीवर होती. नवी सॉकेटं तिच्या आईने एकेक करून बघितली, झडपा बघितल्या, नव्या पेटीचं बटण दाबून पाडून बघितलं. दिवे गेले, परत आले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.  मी स्वयंपाकघरात नातीसाठी भात मऊ करत होते. पाय धुतलेले, ओले, अनवाणी. मुद्दामच.

मग नात चुळबुळ करू लागली, निसटली आणि फरशीवर उतरली. एकदा उतरल्यावर तिला कोण धरणार! तरातरा रांगत आली ती थेट माझ्याकडे नाही, फ्रिजकडे. लेक "अगं, अगं" करत मागे. नातीने तोंडातली बोटं काढली, फ्रिजच्या खालच्या पत्र्याला लावली, आणि त्याला धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली की तिकडेही राहत होती, मला माहीत नाही, पण माझ्यासमोर पहिल्यांदा. माझा हात आधीच दाराला होता. ती खिदळली.

लेक मात्र पोचली नव्हती. फ्रिजपासून हातभर अंतरावर ती थांबली होती. तिचा उजवा पाय फरशीवर चाचपडत होता, पुढे, मागे, डावीकडे. अंगठा काहीतरी शोधत होता. ती चप्पल मी आदल्याच दिवशी मागच्या दारी ठेवली होती. पोर समोर उभी, हात पुढे केलेला, आणि पाय चप्पल सापडेपर्यंत पुढे यायला तयार नाही.

"चप्पल नाहीये," मी म्हटलं. "लाव हात."

तिने बोटांची पाठची बाजू पुढे केली. आमच्याकडे सगळे तसाच लावतात, तळहात नाही, उलटा हात, म्हणजे झटका बसला तरी मूठ दाराला चिकटत नाही. मीच शिकवलं होतं. बोटं पत्र्याला टेकली, उचलली, परत टेकली. मग तिने हात सुलटा करून सगळा तळवा दाराला लावला.

"आई, काहीच नाही येत," ती म्हणाली. सातवीतल्यासारखी.

"तेव्हा मी तुला ओरडायला नको होतं."

"कधी?"

मी दुधाचं सांगितलं, ओल्या केसांचं, पातेल्याचं. ती ऐकत राहिली, पण तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिने नातीला उचललं, परत खाली ठेवलं, आणि फोन काढून गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. हे तेवढ्यात बाहेर गेले. बहुधा डोळे पुसायला, पण विचारलं तर म्हणतील माड बघायला.

"आता तिकडच्या फ्रिजसमोरच्या सपाताही काढून टाक," मी लेकीला म्हटलं.

"कुठल्या सपाता?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.